पाचशे मराठी पत्रकं घेऊन दिमोनाला जावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याच्या एका मंडळीतला अठ्ठावीस वर्षांचा तरुण येत्या मार्चमध्ये पवित्र भूमीच्या दहा दिवसांच्या यात्रेला निघालाय. इस्राएलमध्ये मराठी बोलणारे ज्यू राहतात, हे त्याला नुकतंच कळलं. एक दिवस गटातून बाजूला होऊन, हे लोक जिथे राहतात त्या दिमोना गावी जायचं आणि पाचशे मराठी सुवार्ता-पत्रकं घरोघर वाटायची, असा त्याचा बेत आहे. हे कायद्यात बसतं का आणि बोलणं सुरू कसं करायचं, हे त्याला विचारायचंय.

सलाम. अठरा वर्षं मी मराठी मंडळ्यांचे गट घेऊन तिकडे जाते आहे. त्याआधी शाळेत शिकवत होते, लहानपण अलिबागेत गेलं. म्हणून आधी उत्तर देते आणि मग कारणं सांगते: दिमोनाला जरूर जा, पत्रकं मात्र पुण्यातच ठेवा.

आधी कायदा. आपल्या श्रद्धेबद्दल बोलणं हा इस्राएलमध्ये गुन्हा नाही. आपल्याकडचे बरेच पाळक तसं समजतात, पण ते चूक आहे. १९७७ च्या कायद्याने बंदी घातली ती आमिषावर. पैसे, वस्तू किंवा दुसरा काही फायदा देऊन किंवा कबूल करून कुणाला धर्म बदलायला लावलं तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि असा फायदा घेऊन धर्म बदलणाऱ्यालाही तीन वर्षांपर्यंत. दुसरी बंदी अल्पवयीन मुलांच्या बाबतीत आहे. आईवडिलांना बाजूला ठेवून मुलाला धर्म बदलायला सांगणं हा वेगळा गुन्हा आहे. २०२३ मध्ये दोन खासदारांनी धर्मप्रसारावरच सरसकट बंदी आणणारं विधेयक मांडलं, तेव्हा खुद्द पंतप्रधान नेतान्याहूंनी ते पुढे नेणार नाही असं जाहीर केलं. थोडक्यात, मोठ्या माणसाशी काही न देता, न लपवता बोललात तर कोणी पकडणार नाही.

आता हे कागदावर वाचायला सोपं वाटतं. माझ्या तिसऱ्या की चौथ्या गटात एक उत्साही मुलगा होता. बीरशेबाला बस थांबली तेव्हा कोपऱ्यावर चार-पाच पोरं चेंडू खेळत होती. ह्याने प्रत्येकाच्या हातात एक चॉकलेट आणि त्याच्याबरोबर एक रंगीत पत्रक दिलं. मन अगदी साफ. पण अल्पवयीन मुलं आणि हातात खाऊ, म्हणजे कायद्याच्या दोन्ही काट्यांवर एकाच वेळी पाय! संध्याकाळी एका मुलाचे वडील आमच्या हॉटेलवर आले. ओरडले नाहीत. पत्रक टेबलावर ठेवलं आणि शुद्ध रायगडी मराठीत म्हणाले, "बाई, हे तुमचं राहिलं आमच्याकडे." मी खाली मान घालून माफी मागितली. गोष्ट पोलिसांत गेली नाही, हा त्यांचा मोठेपणा. चॉकलेट हे आमिष ठरतं का, याचा निकाल कुठल्या कोर्टाने लावावा अशी वेळ आली नाही, पण तुमच्यावर ती येऊ नये.

त्या गृहस्थांना काय टोचलं असेल, ते मला नंतर हळूहळू कळलं, आणि खरं म्हणजे तेच मला तुम्हाला सांगायचंय.

हे मराठी बोलणारे ज्यू म्हणजे बेने इस्राएल. ते कोकणात शेकडो वर्षं तेलाचे घाणे चालवत होते. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना 'शनवार तेली' म्हणे. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं आणि सात पुरुष, सात बायका वाचल्या, ही त्यांची मूळकथा. हिब्रू विसरली होती, पण शनिवार, सुंता, खवल्यांची मासळी आणि 'शेमा इस्राएल' ही प्रार्थना एवढं धरून ठेवलं होतं. १९४८ नंतर ही माणसं मोठ्या संख्येने इस्राएलला गेली, आणि तिथे काय वाट्याला आलं? १९६२ मध्ये तिथल्या मुख्य रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, कार्यालयाने फर्मान काढलं की बेने इस्राएलांपैकी कुणाचं लग्न इतर ज्यूंशी लावायचं असेल, तर आधी त्याच्या घराण्याच्या मागच्या पिढ्या तपासा. म्हणजे तुम्ही खरेच ज्यू आहात का, हे सिद्ध करा. लोक रस्त्यावर उतरले, जेरुसलेमला धरणं धरलं. ऑगस्ट १९६४ मध्ये सरकारने हे लोक सर्व बाबतींत ज्यूच आहेत असं जाहीर केलं, तेव्हा कुठे प्रकरण निवळलं.

आता त्या समाजातल्या सत्तरीच्या माणसाच्या दारात तुम्ही मराठीत लिहिलेला कागद घेऊन उभे राहता. कागदाचा मजकूर कितीही प्रेमळ असो, त्याला ऐकू येतं ते एवढंच: तू अजून पुरता झालेला नाहीस. हे त्याने तिथल्या रब्बींकडून ऐकलं, आता गाववाल्याकडून, तेही आईच्या भाषेत.

त्यात आणखी एक व्यवहाराची बाजू आहे, जी पत्रकं वाटणाऱ्यांच्या गावीही नसते. ज्यू म्हणून इस्राएलमध्ये स्थायिक होण्याचा जो हक्क आहे, त्यातून दुसरा धर्म स्वीकारलेला माणूस वगळलेला आहे. १९६२ मध्ये ब्रदर डॅनियल यांचा खटला गाजला. ते पोलंडमध्ये ज्यू आईबापांच्या पोटी जन्मले, युद्धात नाझींपासून कितीतरी ज्यूंना वाचवलं, आणि पुढे कॅथलिक संन्यासी झाले. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना त्या कायद्याखाली ज्यू मानायला नकार दिला. १९७० मध्ये ती अट कायद्यातच आली. ठाण्यात राहणाऱ्या एखाद्या बेने इस्राएल पोराचे इस्राएलला जायचे कागद चालू असतील, तर बाप्तिस्मा हा त्याच्यासाठी फक्त अंतःकरणाचा विषय राहत नाही.

तुम्हाला वाटेल, बाई मिशनच्या कामावरच उठल्या. तसं नाही. बेने इस्राएलांमध्ये मिशनचं काम झालेलं आहे, आपल्याच महाराष्ट्रात, आणि ते जरा समजून घेण्यासारखं आहे.

अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि दोन वर्षांत शाळा काढल्या. त्या शाळांतून बेने इस्राएल मुलं शिकली आणि बेने इस्राएल मास्तरही नेमले गेले. मायकेल सार्गन नावाचा कोचीनचा ज्यू ख्रिस्ती झाला होता. तो १८२६ च्या सुमारास मुंबईकडे येऊन खास या समाजासाठी शाळा चालवू लागला. मग १८२९ मध्ये स्कॉटलंडहून जॉन विल्सन आले, ज्यांच्या नावाचं कॉलेज गिरगाव चौपाटीसमोर आहे. त्यांनी आणि पत्नी मार्गारेट यांनी आधी बाणकोट-हर्णैला राहून मराठी पक्की केली. १८३२ मध्ये विल्सननी एक पुस्तक छापलं: मराठीतून हिब्रू व्याकरण. कशासाठी? बेने इस्राएलांनी शास्त्र मुळातून वाचावं आणि वाचता वाचता मशीहापर्यंत पोचावं, हा हेतू उघड होता.

झालं काय? ख्रिस्ती झाले ते मोजके. बाकीच्यांनी व्याकरण घेतलं, हिब्रू शिकले, मराठी शास्त्र घेतलं आणि आणखी चांगले ज्यू झाले! १८४६ मध्ये मुंबईत वल्हांडणाच्या विधीचं पुस्तक मराठी भाषांतरासह शिळाप्रेसवर निघालं. १८७४ मध्ये पुण्यात निघालेल्या हागादामध्ये, म्हणजे अशाच वल्हांडणाच्या पुस्तकात, भाकरी करणाऱ्या बायका चक्क लुगडी नेसलेल्या दाखवल्या आहेत. कुठे दिसली प्रतिकृती तर नक्की बघा. जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी ज्यू प्रार्थनांची भाषांतरं करून मराठीत एक दालनच उभं केलं. हैम सॅम्युएल केहीमकरांनी १८७५ मध्ये समाजाची स्वतःची शाळा काढली आणि पुढे समाजाचा इतिहास लिहिला. त्या इतिहासात विल्सन आणि इतर मिशनऱ्यांचे उपकार त्यांनी मोकळेपणाने मानले आहेत. कीर्तनसुद्धा आलं: आपल्या हरदासी कीर्तनाच्या घाटात अब्राहाम, मोशे आणि योसेफ यांची आख्यानं.

आमच्या एका पाळकसाहेबांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे मिशन फसलं." मला तसं वाटत नाही. विल्सनचा हिशेब चुकला, हे खरं. पण जे दिलं ते परत मागितलं नाही, म्हणून ते टिकलं. तुम्ही आज बेने इस्राएल माणसासमोर विल्सनचं नाव काढलंत तर त्याच्या चेहऱ्यावर आठी येत नाही.

जेरुसलेममध्येही असंच घडलं. याफा दरवाज्यातून आत शिरलात की लगेच क्राइस्ट चर्च लागतं. १८४९ चं, ज्यूंमध्ये काम करणाऱ्या लंडनच्या संस्थेने बांधलेलं. आत जाऊन बसा. प्रभुभोजनाच्या मेजावर हिब्रू अक्षरं आहेत. जेरुसलेमचे पहिले प्रोटेस्टंट बिशप मायकेल सॉलोमन अलेक्झांडर स्वतः ज्यू घरात जन्मलेले. ह्याच संस्थेने १८४४ मध्ये गावात इस्पितळ उघडलं. औषध फुकट, पण खाटेशेजारी नवा करार. रब्बींनी तिथे जाणाऱ्यावर बहिष्कार घातला, आणि दहा वर्षांत, १८५४ मध्ये, रॉथशिल्ड घराण्याच्या पैशाने ज्यूंचं स्वतःचं इस्पितळ उभं राहिलं. हेतूची शंका आली की माणसं चांगल्या गोष्टीलाही पाठ करतात आणि आपली व्यवस्था आपण करतात.

आणि मग जेन हेनिंग. ही मला सगळ्यांत जवळची. स्कॉटलंडच्या चर्चने १८४१ पासून बुडापेस्टला ज्यूंमध्ये मिशन चालवलं होतं. तिथल्या मुलींच्या वसतिगृहावर ही बाई १९३२ मध्ये मेट्रन म्हणून आली. युद्ध भडकल्यावर चर्चने परत बोलावलं, ती गेली नाही. एप्रिल १९४४ मध्ये गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, तिला धरलं. तिच्यावरच्या आरोपांत एक असा होता की मुलींच्या कपड्यांवर ज्यूंना सक्तीने लावायला लावलेले पिवळे तारे शिवताना ती रडली. त्याच वर्षी आउश्विट्झच्या छळछावणीत तिचा मृत्यू झाला. १९९७ मध्ये याद वाशेमने, म्हणजे नाझींनी मारलेल्या ज्यूंच्या जेरुसलेममधल्या स्मारकाने, तिला 'राष्ट्रांमधील नीतिमान' म्हणून गौरवलं. मिशनरी बाई, आणि ज्यूंच्या स्मारकात तिचं नाव! तुमच्या यात्रेत याद वाशेम असेलच. तिथे गेल्यावर पत्रकाचा विचारही मनात आणू नका. तिथे युरोपच्या ख्रिस्ती देशांत काय झालं ते बघायचं, आणि बाहेर आल्यावर पुष्कळ वेळ गप्प राहायचं. ज्यूंना बाप्तिस्म्याच्या नावाखाली काय काय सोसावं लागलं, हे आपल्या मराठी मंडळ्यांत कोणी शिकवत नाही. आपण तेव्हा तिथे नव्हतो म्हणून हात झटकता येतील. पण क्रूस तोच आहे, आणि समोरच्याला आधी तोच दिसतो.

चर्चमध्ये या बाबतीत एकमत नाही, हेही जाणून असा. कॅथलिकांनी १९६५ मध्ये 'नोस्त्रा एताते' या जाहीरनाम्यातून ज्यू लोकांवर येशूच्या वधाचा सरसकट दोष ठेवणं सोडलं, आणि २०१५ च्या व्हॅटिकनच्या दस्तऐवजात तर ज्यूंसाठी वेगळं संस्थात्मक मिशन आम्ही चालवत नाही आणि त्याला पाठिंबाही देत नाही, असं स्पष्ट आहे. इव्हँजेलिकल मंडळींनी १९८९ च्या विलोबँक जाहीरनाम्यात उलट म्हटलं: ज्यूंना सुवार्ता न सांगणं हाच त्यांच्यावर अन्याय. मी स्वतः मधल्या वाटेने चालते. विचारलं तर पूर्ण उत्तर देते, न विचारता दार ठोठावत नाही. मात्र एका बाबतीत माझं मत पक्कं आहे: आपण ख्रिस्ती आहोत हे लपवून, ज्यूंसारखं सोंग घेऊन बोलायला जाणं निव्वळ खोटेपणा आहे. तोच न्याय आपल्या मंडळीत टालिथ, म्हणजे ज्यूंची प्रार्थनेची शाल, पांघरून शोफार हे शिंग फुंकणाऱ्यांना. जेरुसलेमच्या बाजारातून आणलेलं ते शिंग दिवाणखान्यात ठेवा, उपासनेत नको.

आता बोलायचं कसं. पहिला प्रश्न: "मूळ गाव कोणतं?" पेणकर, दिवेकर, राजपूरकर, केहीमकर, नवगावकर, आडनावातच गाव आहे. गाव निघालं की माणूस अर्धा तास थांबत नाही. मग सण विचारा. त्यांच्या आजीच्या तोंडी रोश हशाना म्हणजे 'नव्याचा सण', योम किप्पुर म्हणजे 'दारफाळणी', आणि उन्हाळ्यातल्या मंदिराच्या विध्वंसाच्या उपासाला 'बिरड्याचा रोजा', कारण त्या वेळी वालाचं बिरडं. सिनगॉगला, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघराला, जुनी माणसं 'मशीद' म्हणायची. मुंबईच्या मशीद स्टेशनचं नावही तिथल्या १७९६ च्या सिनगॉगवरून आलं असं सांगतात. एलियाहू हनाबी, म्हणजे आपला एलिया संदेष्टा, त्यांच्या घरात फार जवळचा. त्याच्या नावाने मलिदा करतात: भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, फळं. मलिदा तुमच्यापुढे ठेवला तर समजा तुम्ही घरातले झालात.

काही शब्द जपून. 'जुना करार' म्हणू नका. त्यांच्या दृष्टीने तो जुना झालेला नाही. 'तनाख' किंवा नुसतं 'शास्त्र' म्हणा. 'परुशी' हा आपल्या उपदेशांत ढोंगी या अर्थाने सर्रास येतो. आजचे रब्बी त्याच परुश्यांची परंपरा सांगतात, तेव्हा तो शब्द घरीच ठेवा. देवाचं नाव ते उच्चारत नाहीत, म्हणून गाण्यात किंवा प्रार्थनेत 'यहोवा' जोरात म्हटलंत तर समोरचा अवघडतो. 'परमेश्वर' चालतं. आपला 'सलाम' आणि त्यांचा 'शालोम' सख्खी भावंडं आहेत, तिथून सुरुवात झकास होते.

आणि त्यांनीच विचारलं, "तुम्ही येशूला का मानता?" तर? विचारतात, पुष्कळ वेळा, जेवण झाल्यावर. तेव्हा मागेपुढे पाहू नका. स्वतःचं सांगा, तुमच्या घरात श्रद्धा कशी आली, तुम्हाला काय मिळालं. आपण येशूबद्दलची भविष्यवाणी मानतो त्या यशया त्रेपन्नावरून वाद घालू नका. तो अध्याय त्यांनी तुमच्यापेक्षा जास्त वेळा आणि मूळ भाषेत वाचलेला असतो. आणि मग तुम्ही विचारा: तुम्हाला शाबाथमधून, म्हणजे शनिवारच्या विसाव्यातून, काय मिळतं? ऐकायची तयारी नसेल तर हा प्रश्न विचारू नका.

प्रवासाचं भराभर सांगते. दिमोना बीरशेबापासून साधारण ३५ किलोमीटरवर वाळवंटात आहे. जेरुसलेमहून जाऊन-येऊन दिवस मोडतो. शुक्रवार दुपारनंतर निघू नका, शाबाथ लागला की बस मिळत नाही. शनिवारी पश्चिमेच्या भिंतीपाशी फोटो काढायचे नाहीत, चिठ्ठीही लिहायची नाही. इतर दिवशीही तिथे गटाने मोठ्याने गाणी म्हणू नका. रात्रीच्या जेवणात मांस असेल तर चहात दूध मिळणार नाही, कारण ज्यूंच्या आहारनियमात, म्हणजे कोशेरमध्ये, मांस आणि दूध एकत्र चालत नाही. दर वेळी आमच्या गटात कोणीतरी त्यावरून वेटरशी वाद घालतं, कृपा करून ते तुम्ही नसा. विमानतळावर बॅग कुणी भरली, कुणी काही दिलंय का, कुणाला भेटणार, हे खोदून विचारतात. पाचशे एकसारखे कागद सापडले तर गट तुमच्यासाठी थांबेल. तुमचा व्हिसा पर्यटकाचा आहे; धर्मकार्यासाठी वेगळा व्हिसा असतो, हेही तिथे आठवेल. आणि हल्लीची परिस्थिती पाहता निघायच्या आठवड्यात परराष्ट्र खात्याची सूचना वाचल्याशिवाय पाऊल टाकू नका.

एक गोष्ट मात्र निघायच्या आधी करा. पुण्याहून अलिबाग तीन-चार तासांवर आहे. इस्राएल आळीतलं मागेन आबोथ सिनगॉग बघा, आधी विचारून. मग नवगावला ते जुनं कबरस्तान आणि स्मारक आहे, तिथे थोडा वेळ उभे राहा. फोटो काढा. दिमोनात कुणाच्या घरी गेलात तर ते फोटो दाखवा, म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल.

आणि बॅगेत पत्रकांची जागा रिकामी झालीच आहे, तर तिथे दोन दिवाळी अंक आणि आमसुलं टाका. घरी केलेला चिवडा-लाडू नेऊ नका. कोशेर पाळणाऱ्याला तो नाकारताना वाईट वाटतं. अंक निवडताना ठळक टाइपाचे घ्या. तिकडे अजून मराठी वाचणारे बहुतेक जण पंचाहत्तरीच्या पुढचे आहेत.